दात विकत घेण्याआधी

मी डोंबिवलीत दातांच्या लॅबमध्ये काम करतो. दवाखान्यांतून मापं येतात, त्यांवरून आम्ही कॅप आणि कवळ्या बनवतो. या कामाला सव्वीस वर्षं झाली. हे आधी सांगतो, कारण रोज दात हाताळणारा माणूससुद्धा दाताच्या बाबतीत फसू शकतो. मी दोनदा फसलो. तिसऱ्यांदा फसलो नाही, पण खरा दात स्वतःच्या हाताने मोडला.

सुरुवात 2018 च्या मे महिन्यात झाली. माझी मुलगी ईशा तेव्हा पाचवीची परीक्षा देऊन मोकळी होती. शीळफाट्याजवळ मित्राच्या घराचं काम चालू होतं, तिथे आम्ही दोघं गेलो होतो. बाहेर खाणीतून आलेल्या दगडांचा ढीग पडला होता. ईशाला त्यात एका काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरट, टोकदार, बोटाच्या पेराएवढं काहीतरी दिसलं. "बाबा, डायनासोरचा दात!" ती ओरडली. मी हातात घेतलं. खरं सांगतो, मलाही सुळाच वाटला. टोक तसंच, रंग तसाच, खाली रुंद होत गेलेला.

घरी नेऊन तिने तो कापसात ठेवला आणि वर चिठ्ठी लावली: "दात (?), शीळ, 13 मे". प्रश्नचिन्ह तिनेच घातलं होतं.

माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे एक सर कल्याणला राहतात. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पुढच्या रविवारी तो दगड घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं, लोखंडी पात्याने कडेला हलकेच ओरखडा काढला, मग कपाटातल्या बाटलीतून पातळ केलेल्या आम्लाचा एक थेंब टाकला. थेंब फसफसला. "कॅल्साइट आहे," सर म्हणाले. "हा आकार इतक्या वेळा दातासारखा निघतो की इंग्रजीत त्याला कुत्र्याचा सुळा असंच म्हणतात." दात पात्याने इतका सहज ओरखडत नाही आणि त्यावर आम्ल असं फसफसत नाही, हेही त्यांनी सांगितलं. ईशाचा चेहरा पडला. ते पाहून सरांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि आपल्या भागाच्या दगडाची गोष्ट सांगितली.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, मलंगगड, पारसिकचा डोंगर, हा सगळा काळा पाषाण लाव्हाचा. दख्खनचा हा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वाहिला. वितळलेल्या दगडात हाडं-दात टिकत नाहीत. शिवाय मुंबईकडचे काही थर डायनासोर संपल्यानंतरचे आहेत. पण दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात तळी साचायची, त्यांच्या गाळात जीव सापडतात. वरळीच्या अशाच गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. 'डायनासोर' हा शब्द ज्यांनी 1842 मध्ये घडवला तेच हे ओवेन. ईशाने विचारलं, "म्हणजे मुंबईत डायनासोर नाही, बेडूक?" सर म्हणाले, "बेडूक आणि कासव. काही कमी नाही."

म्हणून पहिली गोष्ट सांगून टाकतो. ठाणे-कल्याणच्या खाणीत कोणी तुम्हाला डायनासोरचा दात दाखवला, तर तो जवळजवळ नक्कीच कॅल्साइट किंवा क्वार्ट्झ असणार. स्फटिक म्हणून ठेवा, सुंदरच असतो.

ईशा समजली. मी मात्र थांबलो नाही. त्या दिवसापासून मला खरा दात हवा होता. तिच्यासाठी, असं मी घरात सांगत होतो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ठाण्यात एका सभागृहात खडे आणि स्फटिकांचं प्रदर्शन लागलं होतं. एका टेबलावर काचेखाली दात मांडलेले होते. "स्पिनोसॉरस, मोरोक्को." अकरा सेंटिमीटर लांब, विटकरी रंगाचा, मुळासकट अखंड. किंमत साडेआठ हजार. घासाघीस करून साडेसहा हजारांना घेतला. त्या महिन्यात ईशाच्या क्लासची फी भरायची होती, ती पुढे ढकलली. बायकोला दाताची किंमत दोन हजार सांगितली. खरी किंमत तिला बऱ्याच उशिरा कळली, तीही दुसऱ्याकडून. पैशांपेक्षा त्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

खिशात भिंग होतं. लॅबमधून तसाच गेलो होतो. पण दुकानदारासमोर ते काढायला मला अवघडल्यासारखं झालं.

जून उजाडला. डोंबिवलीच्या पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम सोडतात. एका सकाळी दातावर मधोमध, आडवी, केसाएवढी भेग दिसली. ती सरळ होती आणि पूर्ण गोल फिरली होती. नैसर्गिक भेग सहसा उभी, वाकडी जाते. दात लॅबमध्ये नेला आणि भिंगाखाली धरला. स्पिनोसॉरसच्या दातावर टोकाकडून खाली बारीक उभ्या धारा असतात. भेगेच्या वरच्या धारा खालच्या धारांना मिळतच नव्हत्या. वर बारा धारा मोजल्या, खाली नऊ. दोन निरनिराळे दात एकमेकांवर बसवले होते आणि मधे लाल वाळू मिसळलेली लांबी भरली होती, फर्निचरला भरतात तशी.

नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च बाजूच्या मेडिकलवाल्याकडून घेतला. दिवा घालवून पाहिलं. जोडाजवळ आणि मुळाच्या अर्ध्या भागावर निळसर-पांढरी चमक आली. दाताचा बाकीचा भाग काळपटच राहिला. गोंद बहुधा असा चमकतो. हा टॉर्च शे-दोनशे रुपयांना मिळतो. खरेदीला जाताना तो खिशात असावा आणि टेबलाखाली अंधार करून बघायला लाजू नये.

रात्री दात काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये बुडवला. सकाळी बरणीच्या तळाशी तीन तुकडे आणि चमचाभर लाल वाळू होती. टोक एका दाताचं, मधला भाग दुसऱ्याचा. आणि जे मूळ मी इतकं कौतुकाने सगळ्यांना दाखवलं होतं, ते हाडाचा एक तुकडा घासून बनवलेलं होतं.

विकणाऱ्याला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि वर माल असाच येतो म्हणाला. नंतर त्याने फोन उचलला नाही. बिल मी मागितलंच नव्हतं. बिलावर "अस्सल, जोड नाही" एवढे शब्द लिहून घेतले असते तर निदान भांडता आलं असतं.

मुळाची गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. डायनासोरचे दात आयुष्यभर पडत आणि पुन्हा येत. मादागास्करच्या माजुंगासॉरस या मांसाहारी डायनासोरच्या दातांच्या आतल्या वाढीच्या रेषा मोजून अभ्यासकांनी 2019 मध्ये दाखवलं की त्याचा प्रत्येक दात सुमारे 56 दिवसांनी बदलत असे. म्हणूनच हाडांपेक्षा दात जास्त सापडतात. नवा दात खालून वर येताना जुन्याचं मूळ विरघळतं आणि वरचा भाग गळून पडतो. अशा गळलेल्या दाताला खाली मूळ नसतं, खोलगट वाटीसारखा तळ असतो. मूळ असलेले दातही मिळतात, जनावर जबड्यासकट गाडलं गेलं असेल तर. पण ते कमी. लांबलचक, पूर्ण मूळ असलेला आणि स्वस्त दात दिसला, तर आधी मुळाचा संशय घ्यावा. आपल्या लहान मुलांचे दुधाचे दात पडतात तेव्हाही हेच होतं. दुधाचा दात हातावर घेऊन तळ बघा, मूळ बहुतेक गेलेलं असतं. मी हे हजार वेळा पाहिलेलं आहे.

दुसऱ्या फसवणुकीबद्दल थोडक्यात. 2020 च्या सुरुवातीला बाराशे रुपयांत "दगडातला डायनासोर दात" घेतला. दात खरा होता, दगड खोटा. वाळू आणि गोंद कालवून त्यात तो बसवला होता. शिवाय तो डायनासोरचा नव्हताच, मोसासॉरचा होता. मोसासॉर म्हणजे समुद्रात राहणारे मोठे सरडे, नात्याने आपल्या घोरपडीच्या जवळचे. मोरोक्कोच्या फॉस्फेटच्या खाणींत त्यांचे दात ढिगाने निघतात. दुकानदार त्यांना डायनासोर म्हणतात, कारण त्या नावाने विकले जातात.

मग लॉकडाऊन आला. लॅब दोन महिने बंद होती. हातात वेळ होता आणि खरेदी शक्य नव्हती. त्यामुळे शिकणं झालं. सर फोनवर तासतासभर बोलायचे. त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते हे, "आधी नाव शोधू नको. आधी मोज."

मोजायचं काय? दाताच्या तळाची पुढून मागे लांबी. तळाची आडवी जाडी. टोकापासून तळापर्यंत उंची. एवढ्या तीन मापांनीच बरंच उलगडतं. जाडी लांबीच्या जवळपास असेल, म्हणजे काप गोल असेल, तर दात सुसरीचा, मोसासॉरचा किंवा स्पिनोसॉरसच्या कुळातला असू शकतो. जाडी लांबीच्या अर्धी किंवा त्याहून कमी असेल, तर चपटा, मांस कापणारा दात. मग कडा बघायच्या. चपट्या दाताच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. पाच मिलिमीटरमध्ये किती दाते आहेत ते दोन्ही कडांवर, दाताच्या मध्यावर मोजायचं. स्पिनोसॉरसच्या दाताला असे दाते नसतात, सुसरीशी त्याचा घोळ होतो तो म्हणूनच.

इथे माझं काम उपयोगी पडलं. दाते इतके बारीक की मोजताना नजर चुकते. आम्ही माप घ्यायला वापरतो त्या सिलिकॉन पुटीवर दाताची कड हलकेच दाबली, ठसा घेतला आणि ठसा भिंगाखाली मोजला. सर फोनवर हसले, म्हणाले, संशोधकही ठसे घेतात. ठसा घेण्याआधी कड भुसभुशीत नाही ना, एवढं बघायचं.

2021 मध्ये तिसरा दात घेतला. विकणारा दुसऱ्या शहरातला होता. मी आधी फोटो मागवले. चारही बाजू, तळ आणि टोक, शेजारी पट्टी ठेवून, उन्हात. त्याने कुरकुर न करता पाठवले. मोरोक्कोतून जीवाश्म बाहेर काढायला तिथल्या सरकारची परवानगी लागते, म्हणून तो कागद आहे का तेही विचारलं. त्याने आधीच्या आयातदाराचा कागद दाखवला. तीन सेंटिमीटरपेक्षा जरा मोठा, चपटा, टोक झिजलेला दात. अडतीसशे रुपये. या वेळी बायकोला खरी किंमत सांगितली.

तो खरा होता. तळाला वाटी होती. मागच्या कडेला पाच मिलिमीटरमध्ये नऊ दाते, पुढच्या कडेला दहा. तिरका उजेड टाकला की मागच्या कडेजवळ एनॅमलवर बारीक वळ्या दिसत, पाण्यावरच्या तरंगांसारख्या. ईशाने पहिल्यांदा त्या वळ्या पाहिल्या तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आणि मी तो मोडला. कडेच्या दात्यांमध्ये लाल माती अडकली होती. ती निघावी म्हणून दात अ‍ॅसिटोनमध्ये टाकला. पहिल्या दाताने शिकवलेली युक्ती, चुकीच्या जागी वापरली. खऱ्या दातालाही भेगा असतात आणि जमिनीतून काढणारे लोक त्या भेगांत पातळ गोंद सोडतात, म्हणून तो एकसंध राहतो. फसवणूक म्हणून नाही, दात वाचावा म्हणून. तो गोंद विरघळला. दाताचे चार तुकडे झाले आणि एका कडेचा भुगा झाला. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

सरांनी संग्रहालयात वापरतात तो पॅरालॉइड बी-72 मिळवून दिला. तो अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो, म्हणून पुढे कोणाला जोड सोडवायचा असेल तर सोडवता येतो. फेविक्विकसारख्या गोंदाने जोडू नये. तुकडे जोडायला मला तीन रविवार लागले. माती काढायची असेल तर मऊ ब्रश आणि बाभळीचा काटा पुरतो. अ‍ॅसिटोन फक्त आधीच गेलेल्या केससाठी.

आता नाव. त्याच्या चिठ्ठीवर "कार्कॅरोडोन्टोसॉरस" लिहून आलं होतं. त्या वळ्या आणि दाते त्या कुळाशी जुळतात. पण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या मोरोक्कोतल्या नदीकाठी एकाहून जास्त मोठे मांसाहारी होते आणि एका दातावरून वंशापर्यंत जाता येतंच असं नाही. आम्ही चिठ्ठी बदलली: "मांसाहारी डायनासोर, बहुधा कार्कॅरोडोन्टोसॉरसच्या कुळातला". किंमत कमी झाली म्हणा, पण चिठ्ठी खरी झाली.

नाव चुकण्याबद्दल वाईट वाटायचं कारण नाही, हे मला नागपूरच्या दाताने शिकवलं. होय, महाराष्ट्रात डायनासोरचा दात सापडलेला आहे. नागपूरच्या टाकळीचा. रिचर्ड लायडेकर यांनी 1890 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याला मॅसोस्पॉन्डिलस रावेसी असं नाव दिलं. मॅसोस्पॉन्डिलस हा मुळात दक्षिण आफ्रिकेतला, आणि आज आपण त्याला झाडपाला खाणारा म्हणून ओळखतो. टाकळीचा दात तर मांसाहाऱ्याचा निघाला. लायडेकर साधे माणूस नव्हते. 1877 मध्ये जबलपूरच्या हाडांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव त्यांनीच दिलं होतं. तरी एका दाताने त्यांनाही चकवलं. तो दात आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. तिथेही तो उपयोगाचा राहिला याचं कारण सोबत "टाकळी, नागपूर" हे लिहिलेलं होतं. नाव पुढच्या माणसाला बदलता येतं. जागा हरवली की ती कोणीच परत आणू शकत नाही. माझ्या साडेसहा हजारांच्या दाताचे तीन तुकडे खरेच आहेत, पण कुठल्या गावचे, कुठल्या थरातले, ते आता कोणीही सांगू शकणार नाही.

मग ईशा म्हणाली, आपल्याकडची जागा बघू. 2022 च्या डिसेंबरात कल्याणहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरली, सकाळी वर्ध्याला उतरलो, तिथून एसटीने वरोरा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या तालुक्याला लोक बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे ओळखतात. त्याच भागात पिसदुरा आणि डोंगरगाव आहेत. डोंगरगावच्या टेकडीवर 1984 ते 1986 मध्ये एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची हाडं निघाली. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी ती अभ्यासली, म्हणून पुढे त्याचं नाव आयसिसॉरस झालं. पिसदुऱ्याचं नाव मात्र दातांमुळेही नाही आणि हाडांमुळेही तितकं नाही, तर शेणामुळे. डायनासोरच्या काळातली दगड झालेली विष्ठा तिथे शेतात पडलेली असते. तिच्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले, ते संशोधन 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. डायनासोरच्या काळात गवत होतं असं तोवर सहसा धरलं जात नसे.

पिसदुऱ्याला शेतात शिरण्याआधी मालक काकांना विचारलं. काका कापूस वेचणाऱ्या बायांपाशी उभे होते. काय शोधता म्हणून विचारलं. ईशाने सांगितलं. "असे गोटे तं लय हायेत जी आमच्या वावरात," ते म्हणाले आणि आमच्या पुढे चालू लागले. धुऱ्याजवळ राखी रंगाचे, वळकटीसारखे दगड पडले होते. ईशा खाली बसली. मी दहा मिनिटं त्यांच्यावरून चालत होतो आणि मला दिसले नव्हते.

आम्ही काही उचललं नाही. त्याचं कारण सरांनी आधीच सांगितलं होतं. तो दगड कुठल्या थरातून, कशाशेजारी निघाला, हे अभ्यासकाला हवं असतं, आणि आपल्या कपाटात तो फक्त गोटा होतो. मोह झाला नाही असं नाही. खिशात मावेल असा एक मी दोनदा हातात घेतला. प्रत्येकाचा फोटो घेतला, पट्टी ठेवून, उत्तरेकडे खूण करून, फोनवरून जागेचे आकडे लिहून. काकांना सांगितलं, वेगळं काही दिसलं, विशेषतः चकचकीत आणि टोकदार, तर हलवू नका. नागपुरात सेमिनरी हिल्सला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथे कळवा. काकूंनी चहा दिला. दात एकही दिसला नाही.

मागच्या जुलैत, पहिल्या मोठ्या पावसानंतर, काकांचा फोन आला. पाणी ओसरल्यावर धुऱ्याशी नवा गोटा उघडा पडला होता. "उचलून ठिवू का तुमच्यासाठी?" मी म्हटलं, काका, राहू द्या तिथेच, शेजारी काहीतरी ठेवून फोटो तेवढा पाठवा. संध्याकाळी फोटो आला. ओली काळी माती, राखी गोटा आणि शेजारी आगपेटी. ईशा आता सायन्सला आहे. तिने घरातली आगपेटी मोजली, फोटोवर पट्टी धरली आणि वहीत लिहिलं: साडेसात सेंटिमीटर, पिसदुरा, जागेवरच.